माझ्या देखरेखीखालचा बॅकअप

६ जानेवारी
आजपासून मीही लॉग ठेवणार. सून ठेवते. लॉग म्हणजे काय घडलं ते तारीख घालून लिहायचं. एवढंच असेल तर माझी चौथीपर्यंतची शाळा पुरून उरेल.

सून डोळ्यांच्या डॉक्टरांचे कॉम्प्युटर सांभाळते. त्यांच्याकडे एका पेटीत चार कॉम्प्युटर आहेत, जे मुळात नाहीतच. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. दिसत नाहीत, पण काम करतात. आमचे हे बरोबर उलट होते. रोज रात्री त्या चौघांची कॉपी निघते आणि आमच्या घरी एका काळ्या डबीत येऊन पडते. दवाखान्यात काही बरंवाईट झालं तर घरी एक कॉपी असावी म्हणून. डबी माझ्या खोलीत, पलंगामागच्या फळीवर. जागा मीच सुचवली. बाकी घरात कोणीही कशालाही हात लावतं.

तर गेला आठवडाभर कॉपी निम्म्यात तुटते. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीला कॉपीतून सगळं परत उभं करून दाखवा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. दुसरा माणूस आला की सून लांबच्या शहरातली नोकरी धरणार. मुलगा, नात, सगळं बिऱ्हाड उठणार. मला काय. पलंग मोकळा होईल. नात झोपेत लाथा मारते.

तरी लक्ष घालायचं ठरवलं आहे.

७ जानेवारी, सकाळ
फेल.
म्हणजे कॉपी पुन्हा तुटली. दही मात्र सुरेख. सुरीने कापावं असं. या थंडीत अख्ख्या इमारतीत कोणाचं लागत नाही. शेजारीण माझ्याकडून विरजण नेते, तरी तिच्या पातेल्यात पाणीच. कशावर ठेवता, विचारते. मी सांगत नाही. डबी रात्री छान कोमट असते. तिच्यावर भांडं, भांड्यावर शाल. सगळे झोपले की लावायचं, कोणी उठायच्या आत काढायचं. आपली कला आपल्यापाशी.

सकाळी डबी निजलेली असते. मी बटण दाबून उठवते. सुनेला सांगत नाही, तिच्यामागे व्याप कमी नाहीत.

८ जानेवारी
सून बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते आणि तिथून माझ्या खोलीतली डबी तपासते. याला रिमोट म्हणतात. मी म्हटलं, अगं, भिंतीपलीकडे तर आहे, उठून बघ. म्हणाली, आई, बघून काय कळणार, सगळं लॉगमध्ये असतं. शिकलेली आहे.

१० जानेवारी
मुलाने वायर बदलली. फेल. प्लग बदलला. फेल. माझा संशय मुलावरच. लहानपणी त्याने रेडिओ उघडला होता. तो अजून उघडाच आहे.

१३ जानेवारी, सकाळ
पास.
काल दूधवाला आला नाही. दही लावायचं नव्हतं, हात रिकामे होते, म्हणून निजण्याआधी डबीला चार शब्द सुनावले. म्हटलं, खाल्ल्या विजेला जाग. जागली. सून म्हणते, नवी सेटिंग लागू पडली. म्हणू दे. कोणाचं श्रेय हिसकावून घ्यायची मला सवय नाही.

१४ जानेवारी
फेल. सुनावलं होतं, आदल्या रात्रीपेक्षा जास्तच. डबी कोडगी झाली आहे. दही घट्ट.

१७ जानेवारी
डबीच्या कंपनीतल्या सपोर्टवाल्याचा फोन. सुनेने स्पीकरवर लावला. त्याने विचारलं, डबी ठेवली आहे तिथे गरम होतं का. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्या खोलीत? मी दोन स्वेटर घालून झोपते. त्याचं समाधान झालं. मग सॉफ्टवेअर नवीन घालायला सांगितलं. घातलं. फेल.

सून जेवताना नोकरीच्या त्या शहराबद्दल बोलत होती. तिथल्या शाळा चांगल्या म्हणे. नातीने विचारलं, आजी पण येणार ना. मुलगा पाणी प्यायला उठला. ग्लास भरलेला होता.

संकल्प: उद्यापासून मी यात पडणार नाही.

१८ जानेवारी
पडले. डोक्यात आलं, डबी गारठत असेल. यंत्र झालं म्हणून काय झालं. आता शाल नुसती भांड्यावर नाही, डबीसकट गुंडाळते. हे सपोर्टवाल्याला सुचलं नाही. त्याला पगार मिळतो.

१९ जानेवारी
फेल. शाल पुरत नसावी.

२१ जानेवारी
पास. दूधवाला आजारी. शाल धुवायला. मी मात्र काल रात्री भयंकर चिडले होते आणि डबीला ते जाणवलं असणार. घरात दही नसलं की माझ्या बोलण्याला धार येते.

२३ जानेवारी, दुपार
दवाखान्यात वरच्या मजल्यावरचा नळ फुटला. पाणी थेट पेटीवर. चारही नसलेले कॉम्प्युटर खरोखर गेले. बाहेर पेशंट बसलेत, आत डॉक्टरांना कोणाचा कुठला डोळा ते सांगता येत नाही.

सून आमच्या डबीतली, परवा पास झालेली कॉपी परत पाठवते आहे. रिस्टोर. काही तास लागतील. मुलगा दवाखान्यात नव्या पेटीपाशी उभा आहे. सुनेने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. ताट परत पाठवलं. पण माझ्या दह्याला ती कधी नाही म्हणत नाही. लगेच लावते. दूध जरा जास्त गरम ठेवलं आहे आणि दोन शाली. डबीही आज जोरात तापली आहे, मनावर घेतलेलं दिसतं.

२३ जानेवारी, संध्याकाळ
निम्म्यावर डबी गेली.

सून उठून माझ्या खोलीत आली. वरची शाल काढली. खालची काढली. भांड्यावरचं झाकण उचलून आत बघितलं.

"आई, हे कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून."

ती पलंगावर बसली. ओरडेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं. तिने माझ्या हातात एक पुठ्ठा दिला.

"वारा घाला. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

घातला. या वयात डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी एका डबीला वारा घालत बसले. दोन्ही हात भरून आले. डबी उठली, आणि दिवे लागेपर्यंत दवाखान्यातले ते चौघं उभे राहिले. सुनेने तिथेच बसून दही खाल्लं. म्हणाली, पातळ आहे. घाई केली तर दुसरं काय होणार.

२४ जानेवारी
सुनेने डॉक्टरांना रिपोर्ट दिला. बंद पडण्याचं कारण: स्थानिक उष्णता. म्हणजे मी. कागदावर माझ्याबद्दल इतकं सभ्य कोणी लिहिलं नव्हतं. मधल्या दोन दिवसांचे पेशंट हाताने पुन्हा भरायचे आहेत, पण काम राहिलं. लांबची नोकरी बारगळली.

मुलगा हसतो आहे. त्याने रेडिओबद्दल बोलावं.

दोष दह्याचा नाही, यंत्राचा. ज्याला एक भांडं झेपत नाही त्याच्या जिवावर गावाचे डोळे. डबी आता मुलाच्या खोलीत कपाटावर, माझा हात पोचत नाही अशी. जागा बदला, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

नातीने रात्री तीनदा लाथ मारली. तिला समजावलं, आता कुठे जायचं नाही, तर अजून एक मारली.

२५ जानेवारी, सकाळ
बॅकअप पास.
दही फेल. नुसतं दूध. फळीवर भांडं, भांड्यावर दोन्ही शाली, सुनावलंही. कारण कळत नाही.

संध्याकाळ
शेजारणीने न मागता वाटीभर दही आणून दिलं. सुरीने कापावं असं. कशावर ठेवते, विचारलं. सांगत नाही.