तीन महिन्यांची नळी

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुझे गुडघे, मेहुणे आणि तुमचं ते मांजर, सगळे ताळ्यावर असतील असं धरून चालते. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी सोडून.

नळी तुंबली गं. ऑगस्टमध्ये पित्ताच्या वाटेत प्लास्टिकचा स्टेंट घातला होता ना, तोच. डोळे पुन्हा पिवळे आणि अंगाला अशी खाज, की सूनबाई म्हणते, तुम्ही खाजवता ते स्वयंपाकघरात ऐकू येतं. वाट कशाने अडली आहे ते तुला ठाऊक आहे, तो शब्द मी लिहीत नाही.

पण ऑगस्ट काय सुरेख गेला! मी आजारी आणि आपण दोघी खिदळतोय. आपल्या नानांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याचा विषय निघाला की तुला हसू आवरेना. लहानपणी तिथे छापील कागदांच्या घड्या घालायला बसायचो, तू वाकड्या घालायचीस आणि बोलणी मी खायचे, कारण मोठी मी. एकदा तुझी वेणी खळीच्या डब्यात बुडाली आणि वाळून काठीसारखी कडक झाली. रडलीस तू, आणि मी तीच वेणी धरून तुला घरभर फिरवलं. तू गेल्यावर ही खोली मला खायला उठली.

तर बुधवारी डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन नळ्या ठेवल्या. एक प्लास्टिकची, पेनातल्या रिफिलसारखी बारीक. ती तीनेक महिन्यांत तुंबते, मग बदलायची. दुसरी धातूच्या जाळीची. ती आत जाऊन फुलते, रुंद असते, जास्त दिवस मोकळी राहते, पण एकदा बसली की सहसा काढत नाहीत. तुम्हाला जाळीचीच घालू, त्या म्हणाल्या.

मी अडून बसले. प्लास्टिकचीच हवी.

लेक वैतागला. "आई, दर तीन महिन्यांनी तोंडातून दुर्बीण घालून घ्यायची हौस आहे का तुला?"

"मला धातूची भीती वाटते," मी म्हटलं. धादांत खोटं.

बाईंनी त्याला बाहेर बसवलं. "आजी, आता खरं सांगा."

सांगून टाकलं. नळी घालायची म्हटलं की माझी बहीण धावत येते. एरवी तिला सवड नसते आणि मला नुसतं 'ये' म्हणवत नाही.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुंबली की ताप येतो, जंतू होतात, जिवावर बेतू शकतं. बहीण हवी तर बहिणीला बोलवा. नळी कशाला तुंबवताय?"

"आणि जाळीची तुंबली तर?"

त्या जरा घुटमळल्या. "तुंबू शकते. पण तुमच्या बाबतीत बहुधा ती वेळ येणार नाही. ही पुरेल तुम्हाला."

मला कळलं. "कॅन्सर पुढे गेलाय ना?" मी विचारलं. तो शब्द मी पहिल्यांदाच तोंडातून काढला. त्यांनी मान डोलावली. किती दिवस, ते विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी, तुला कळवायच्या आतच, जाळीची नळी बसवली. खाज उतरतेय, काल वाटीभर भात खाल्ला. लेक खूश आहे, त्याला मी काही बोलले नाही.

आता पुन्हा दुर्बीण नाही, तारीख नाही, तुला बोलवायला काही निमित्तच उरलं नाही. तरी ये. मला तू हवी आहेस, ठमे. लवकर ये.

तुझीच,
अक्का