शेवटच्या खोलीची दुरुस्ती

५ मे १९७८, आकुर्डी

आले बाई एकदाची! ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि मी असे चौघे देहूरोडहून टेम्पोत हिंदकळत पोचलो. शाळेला सुट्टी लागली आहे, आता महिनाभर मुलांच्या वह्या नाहीत, फक्त विटा आणि पत्रे.

तीन खोल्यांची बैठी चाळ आहे. मालक अण्णासाहेबांची शेतजमीन कंपनीत गेली, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ती बांधली. मी इसार दिला आहे. खरेदीखताआधी पहिल्या खोलीत राहून दुरुस्तीचा खर्च काढायचा आणि मग किंमत पक्की करायची, असं आमचं ठरलंय. लोक घर घेताना दारावरचा रंग बघतात. मी पत्र्याखालचे वासे बघते.

उभं आयुष्य भाड्यात गेलं. खोली बघायला जावं, मालकानं आडनाव विचारावं, की खोली नेमकी कालच गेलेली असायची. आता कस्तुराबाई खोल्या भाड्यानं देणार, आणि आडनाव न विचारता देणार. आज पिठलंसुद्धा फर्मास झालं होतं.

६ मे

भिवा गवंडी आला. मीच पेचकस घेऊन वासे टोचत फिरले, तो मागून हसत होता. दोन खोल्यांचा अंदाज निघाला. पत्रे बदलायचे, कोबा उखडून शहाबादी फरशी, दोन हात चुना. सिमेंट परमिटवर, म्हणजे खेटे घालणं आलं. घासाघीस करताना भिवा म्हणाला, बाई, तुम्ही गवंड्याच्या पोटी जन्मायला हव्या होत्या. मी म्हटलं, जन्मलेच आहे.

शेवटच्या खोलीत तिघं कामगार राहतात. तिघांच्या तीन शिफ्ट, खाट एकच. एक कामावरून आला की दुसरा उठतो. मला ही युक्ती फार आवडली.

अण्णासाहेब मात्र म्हणाले, "बाई, त्या खोलीला हात लावू नका. आन् ती खाट मोकळी ठिवू नका. कुनीतरी निजलेलं बरं आसतं." मी लगेच ओळखलं. यांची माणसं आत राहणार, कूळ म्हणून हक्क सांगणार, आणि मी बसणार कोर्टाच्या पायऱ्यांवर. असले मालक मी कोळून प्यायले आहे. खोली रिकामी करून मिळाल्याशिवाय खरेदी नाही, असं ठणकावून आले.

९ मे

तिघं गेले. भांडणाच्या तयारीनं पदर खोचून उभी होते, तर त्यांनी हूं की चूं केलं नाही. जयसिंग नावाचा बीडकडचा मुलगा आहे, त्यानं आगाऊ भाडंही परत मागितलं नाही. सुटलो असा चेहरा होता त्याचा. मला ते काही बरं वाटलं नाही.

११ मे

आज शेवटची खोली. खाट लोखंडी आहे, अँगल जोडून आतच केलेली, त्यामुळे दारातून निघत नाही. काढायची तर चौकट फोडावी लागेल, तेही खर्चात धरलं.

खाटेलगतच्या भिंतीला ओल आहे. मे महिन्यात! नळ पार रस्त्याच्या कडेला. भिवानं तिथला गिलावा पाडला. मी विटांवर तळवा टेकवला, तर भिंत कोमट लागली. त्या बाजूला ऊन येत नाही.

दोन खोल्यांचा हिशोब भिवानं तोंडी फटाफट सांगितला होता. या खोलीचा उद्या सांगतो म्हणाला आणि हात न धुताच निघून गेला.

१३ मे

भिवा आला, दारातूनच बोलला. गिलावा पाडला तिथे, उघड्या विटांवर, ओल पुन्हा तश्शीच. खाटेच्या उंचीला, आडवी. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला निमुळती. टेप लावायची गरज नव्हती, माणूस कुशीवर निजला की तेवढाच होतो.

पहिल्या दोन खोल्या करीन, ही नाही, म्हणाला. मी त्याला भित्रा म्हटलं. चुकलंच माझं, पण राग आला होता.

१५ मे

जयसिंग राहिलेला डबा न्यायला आला. उंबऱ्याआत पाऊल टाकेना. मी चहा पाजला, तेव्हा कुठे बोलला.

ही खाट लक्ष्मणराव नावाच्या कामगारानं केली. तो रात्रपाळीचा. ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम करायचा, गावाकडे घर बांधायचं म्हणून. एकदा सकाळी येऊन झोपला. दुपारी खाटेचा पुढचा मानकरी आला, त्यानं हाक मारली, हलवलं. हा उठेना. बिचारा स्वतःच मेल्यासारखा दमलेला. त्यानं लक्ष्मणरावाला भिंतीकडे सरकवलं आणि शेजारी आडवा झाला. पुरती झोप काढून उठला, तेव्हा कळलं आपण कुणाशेजारी निजलो होतो.

तेव्हापासून इथली रीत आहे. खाटेवर कुणी असो नसो, आधी हाक मारायची, जरा थांबायचं, मग टेकायचं. आणि खाट मोकळी सोडायची नाही, नाहीतर तो पुरती अडवतो.

मला भीती वाटली. इथे खोटं कशाला लिहू? पण त्याहून जास्त त्या माणसाचं वाईट वाटलं. घरासाठीच मेला की तोही.

१६ मे

अण्णासाहेब इसार परत द्यायला आले. फसवायचं नव्हतं, म्हणाले. मी पैसे घेतले नाहीत. माणसांनी मला खोल्यांतून हाकललं, ते मी सोसलं. आता मेलेल्यानंही हाकलायचं? जमणार नाही. खरेदी उद्याच करू म्हटलं.

१७ मे

झाली खरेदी! घर माझं. एकटीनंच पेढा खाल्ला.

१९ मे

शेवटच्या खोलीला आज चुना दिला, मीच. भिंत पिऊन टाकते. ओल तिथेच.

खाटेची नवार भिंतीकडच्या अर्ध्या भागात खोल गेलीय. काठीनं झोडपली, पुन्हा ताणून बांधली. वळून बघते तो परत तशीच, हळूहळू खाली जात होती. भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत.

२० मे

दोन कामगार खोली बघायला आले. भाडंही न विचारता गेले. गावभर झालं असणार. अशानं खोली रिकामीच राहील, आणि खरेदीसाठी शिक्षकांच्या सोसायटीतून काढलेलं कर्ज माझा बाप फेडणार?

उद्या सकाळी मीच त्या खाटेवर झोपणार. दार सताड उघडं ठेवून. बघू देत सगळ्यांना, की घरमालकीण निजली आणि चांगली ठणठणीत उठली. भिवालाही बोलावलंय. हाक मारणार नाही. माझ्या घरात मी कुणाची परवानगी काढू?

२१ मे, सकाळ

बसलेय. वही मांडीवर. ऊन दारात आलंय. काही नाही. उगाच—

आडवी झाले. पाठीशी ऊब. जड. वळून बघणार नाही.

मोठ्यानं सांगितलं, लक्ष्मणराव, घर माझं आहे. खाट तुमची असेल, घर माझं. राहायचं तर माझ्या—

नवार हलली.

तो सरकला. भिंतीकडे. जागा करून दिली मला.

भीती नाही वाटत. झोप येतेय. सुट्टीतली झोप, इतकी—

भिवा आला. दारातून हाका मारतोय. ओ दिली. पुन्हा हाका मारतोय. अरे दिली ना ओ—

आत आला. या खोलीला भिणारा भिवा, आत आला. माझा खांदा हलवतोय. बाई, उठा, बाई. रडतोस काय मेल्या? लिहितेय मी, दिसत नाही का? वही, हात, सगळं—

दारात माणसं जमलीत. अण्णासाहेब टोपी काढून उभे. उचला म्हणतायत. बाहेर काढा म्हणतायत—

मला कुठं? माझ्याच घरातून? हात तर लावून बघा. मी इथून हलणार ना—