अनुमोदक

प्रिय ऋतुजा,

तू फोन उचलत नाहीस. रागानं, की शिष्यवृत्तीच्या अर्जांची गर्दी आहे म्हणून, हे मला कळत नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर आजवर मी फक्त संघटनेची परिपत्रकं पाठवली, त्यामुळे सवयीनं हात कागदाच्या माथ्यावर आधी ‘विषय’ असं लिहून गेला. ते फाडलं आणि दुसरा कागद घेतला. विषय काय आहे ते तुलाही ठाऊक आहे.

अंबाजोगाईच्या बैठकीला कॉलेजातल्या परीक्षेच्या कामामुळे तू आली नव्हतीस. तिचं इतिवृत्त ग्रुपवर आलं, तेव्हा मी दुकानात आमच्या ह्यांना, बसवेश्वरांना, डबा द्यायला गेले होते. तिथंच उभ्यानं वाचलं. यापुढे आपल्या लेखापाल संघटनेचं सभासदत्व फक्त अनुदानित महाविद्यालयांच्या लेखापालांना. सूचक, अध्यक्ष विजयसिंह सर. अनुमोदक, शिवम्मा, घाटनांदूर. मला आधी वाटलं, ही दुसरी कुणी असेल. पण आपल्या जिल्ह्यात लेखापाल शिवम्मा एकच आहे, आणि दिंद्रुडच्या विनाअनुदानित कॉलेजात हिशेब सांभाळणारी तिची मैत्रीणही एकच, तू. तुला मी बाहेर काढलं, असं त्या कागदाचं म्हणणं होतं.

आता खरं सांगू? मी अनुमोदन दिलं की नाही, ते मला माहीत नाही. माझी सवय तुला ठाऊक आहे. कुणी बोलायला लागलं की माझी मान हलते. त्याचा अर्थ ‘पटलं’ असा नसतो, ‘ऐकते आहे, पुढं बोला’ असा असतो. याच मानेमुळे आजवर चहाच्या खर्चापासून वेतननिश्चितीच्या शिबिरापर्यंत प्रत्येक ठरावाची मी अनुमोदक झाले. तूच मला चिडवायचीस की शिवम्माच्या मानेवर संघटना चालली आहे. मीही हसायचे. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं ना!

आपले सचिव धुळाजी इतिवृत्त लिहितात, म्हणून त्यांना फोन केला. मी तोंडानं काही बोलले होते का, असं विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, तुमी बोलता कवा? मान हलली, मी नाव लिवलं. दर टायमाला तसंच करतो की.” मान उभी हलली होती की आडवी, असंही मी विचारलं. बिचारे म्हणाले की ते लिहीत होते, वर बघितलं तर हलत होती एवढं खरं. घरी सासूबाईंना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी भाजी निवडता निवडता निकाल दिला, “तुजी मान भाकरी थापतानाबी हालती. तिचं काय खरं धरावं?” त्या हसल्या, पण मला रडू आलं.

आणि गोंधळ एवढ्यावरच संपत नाही. विजयसिंह सर वाईट माणूस नाहीत गं. त्या दिवशी ते बोलत होते तेव्हा त्यातलं काही मला पटतही होतं. आपल्या बैठकीचा अर्धा वेळ तुमच्या कॉलेजांच्या फी मंजुरीत जातो आणि सहसंचालक कार्यालयाच्या तपासणीचे प्रश्न तसेच राहतात, हे खोटं नाही. मग ती मान ऐकण्याची होती की पटल्याची? चार रात्री मी स्वतःलाच विचारते आहे. सकाळी वाटतं, मी निर्दोष आहे. संध्याकाळी वाटतं, तू नव्हतीस म्हणून मला ते पटणं सोपं गेलं.

पण एक मला नक्की आठवतं. मी नोकरीला नवी होते आणि लेखापरीक्षणाचं पथक येणार होतं. मला रोख आणि बँक यांचा मेळ घालता येईना. संघटनेच्या रिवाजाप्रमाणे तपासणीआधी दुसऱ्या कॉलेजच्या कुणीतरी येऊन वह्या बघायच्या, फक्त पेन्सिलनं खुणा करायच्या. अनुदानितवाल्यांना त्या आठवड्यात सवड नव्हती. तू दिंद्रुडहून एसटी बदलून आलीस, आमच्या स्टोअररूममध्ये सतरंजीवर बसलीस आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खात खात माझी चूक शोधलीस. शिवाय जाताना सगळ्या खुणा खोडरबरानं पुसून गेलीस, कुणाला कळू नये म्हणून. तेव्हा तू अनुदानित आहेस की नाहीस, हे मी विचारलं नव्हतं. आता उद्या नवा शासन निर्णय आला आणि तुला काही अडलं, तर तू कुणाला विचारशील? तुमच्या कॉलेजात तू एकटी. ही गोष्ट माझ्या मनातून हलत नाही.

तर हे पत्र माफीचं नाही, माफी मी समोर येऊन मागेन. रविवारी माजलगावला बैठक आहे. पहिला विषय नेहमीचा, मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करणे. त्यावर आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही, तेव्हा सगळ्यांचं लक्ष चहाकडे असतं. या वेळी मी उभी राहणार आहे. सांगणार आहे की माझं अनुमोदन धरू नये आणि तो ठराव कायम करू नये. आयुष्यात पहिल्यांदा मी सूचक होणार, ऋतुजा. पण सूचकाला अनुमोदक लागतो. इतकी वर्षं ते काम माझंच असल्यामुळे माझ्यासाठी कुणी उरलेलंच नाही. नियमावली मी दोनदा वाचली. इतिवृत्त कायम होईपर्यंत तू सभासद आहेस. माजलगाव तुला जवळ आहे. ये. वाटल्यास माझ्याशी बोलू नकोस, लांब बस. फक्त मी बोलून खाली बसले की मान हलव. आणि धुळाजींना नीट दिसेल अशी, उभी.

तुझीच,
शिवा