रेघेतली थरथर

३ नोव्हेंबर, सोमवार
रोबोनं आज अकरावं बेअरिंग चेपलं. त्याला जागा बरोबर दिलेली आहे, तेवढंच तो पाहतो. बेअरिंग केसभर तिरकं गेलं तरी थांबत नाही, दाबतच राहतो. सिद्धार्थ – माझा मॅनेजर – म्हणाला, "अनुराधा, महिनाअखेर हे चालू व्हायलाच हवं."

लक्ष्मणजी जाळीपलीकडून बघत होते. तीस वर्षं ते पंपात हातानं बेअरिंग बसवतायत. म्हणाले, "ज़बरदस्ती नहीं, मैडम. बेअरिंग खुद बताता है किधर जाना है."

खरंय. जोर मोजून त्याप्रमाणे झुकेल असं कंट्रोल हवं. आणि ते शिकवायला त्यांचाच हात हवा.

६ नोव्हेंबर
लक्ष्मणजींनी रोबोचा आर्म धरून चाळीस बेअरिंगं बसवली. आर्म सैल राहावा म्हणून त्याच्यावरचं बटण मी दाबून धरलं होतं. सेन्सर सगळा जोर टिपत होता. चहाच्या वेळी म्हणाले, "यह सीख गया तो हमारा क्या?"

मी म्हटलं, "आप इसके उस्ताद रहेंगे."

हसले. मला स्वतःलाच ते पटलं नाही.

७ नोव्हेंबर
आलेख पाहिले. जोराच्या रेघेत बारीक थरथर आहे. सेकंदाला पाच वेळा, चाळीसच्या चाळीस नोंदींत. यंत्राची नाही, मोटर बंद ठेवून तपासलं. हाताची आहे.

अशी थरथर कंपवाताची असू शकते असं नेटवर वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

नोंदींना थरथर गाळणारा फिल्टर लावल्यावर रेघ स्वच्छ झाली. रोबोपुरता प्रश्न सुटला. पण त्यांना काय सांगू? रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. अजून नगऱ्यातल्या घरून सायकलनं येतात.

१० नोव्हेंबर
राहवलं नाही, सिद्धार्थला सांगितलं. तुझ्यापाशीच ठेव म्हटलं. "बरं केलंस," म्हणाला.

११ नोव्हेंबर
लक्ष्मणजींना लाइनवरून काढलं! डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला येईपर्यंत स्टोअरमध्ये बसायचं. हे सिद्धार्थचं 'आपल्यापाशी ठेवणं'.

दुपारी स्टोअरमध्ये गेले. ते खोक्यांवर लेबलं चिकटवत होते. वर न बघता म्हणाले, "कुछ दिखा था तो पहले हमसे कहतीं, मैडम."

मी परत आले.

जयंत – माझा नवरा – बबीनाच्या छावणीतून ड्यूटी संपवून आला. त्याला सांगितलं. "त्यांच्या भल्यासाठीच केलंस ना?" हो. पण त्यांना न विचारता केलं. भीती वाटली मला – तोंडावर सांगायची. म्हणून सोपा माणूस गाठला.

१२ नोव्हेंबर
डबा न उघडताच परत आणला.

१७ नोव्हेंबर
रोबो शिकला. शंभरातलं एकही बेअरिंग चेपलं नाही. तिरकं गेलं की जरा मागे येतो, हलकेच फिरतो, पुन्हा जातो – थेट लक्ष्मणजींसारखा. सिद्धार्थनं पेढे वाटले. लक्ष्मणजींना कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

१९ नोव्हेंबर
डॉक्टरांचा रिपोर्ट आला. लक्ष्मणजींना काहीही झालेलं नाही. सगळ्या तपासण्या नॉर्मल.

सिद्धार्थ म्हणतो, सेन्सरचा दोष असेल, सोडून दे. सेन्सर मी दोनदा तपासलाय. आणि सोडून कसं द्यायचं? एका माणसाला आठ दिवस आजारी ठरवलं आम्ही.

संध्याकाळी त्यांची माफी मागितली. म्हणाले, "घर में आठ दिन से कोई ठीक से बोला नहीं." मग स्वतःच म्हणाले, "कल सुबह फिर से नापिए. हमें भी देखना है."

२० नोव्हेंबर
आज बटण मी धरलं नाही, क्लॅम्पनं दाबून ठेवलं. लक्ष्मणजींनी एकट्यानं आर्म धरून दहा बेअरिंगं बसवली. कुठेही थरथर नाही.

मग मी एकटीनं आर्म धरला. थरथर, सेकंदाला पाच वेळा.

पुन्हा धरला. पाच.

लक्ष्मणजी स्क्रीनकडे बघत राहिले. मग स्टूल पुढे सरकवून म्हणाले, "बैठिए, मैडम." आणि लेबलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला.