करदोड्याखाली

हिंगोली, ९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांस रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

दूध घालायला आलेला प्रभूदादा म्हणाला, आरोहीला सहा दिवस ताप आहे आणि तुम्ही म्हणता दात येऊन राहिले. आबा, ती अडीच वर्षांची आहे! लेकरू त्याचंच, पण तुमच्यापुढे बोलायची त्याची छाती नाही आणि माळावर फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी. तिला दवाखान्यात आणा. मी नर्स झाले ती काय परक्यांच्या लेकरांसाठी?

तुमच्या लोभाची आणि रागाचीही धनी,
रागिणी

माळावरून, १० सप्टेंबर

चि. रागिणीस आबाचे आशीर्वाद.

दात नसतील तर दाढा असतील. तुम्ही भावंडं ह्याच माळावर वाढलात ना? रक्त तपासून आणलं, मलेरिया न्हाई निघाला. तुझ्या आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, मी करदोड्यात नरसीच्या देवळातला ताईत घट्ट बांधला. अंग अजून तव्यासारखं आहे, तेवढं खरं. पण तू मला शिकवू नको. लोभ आहेच.

आबा

हिंगोली, ११ सप्टेंबर

ती. आबांस सा. न.

हात टेकले तुमच्यापुढे! मलेरिया नाही म्हणजे काहीच नाही का? ह्या दिवसांत गवतात डोळ्यांना न दिसणारा किडा असतो, तो चावला तरी असाच ताप चढतो. चावल्या जागी काळी खपली धरते. दुखत नाही, म्हणून लेकरू सांगत नाही. मेंढीची लोकर रोज फाकवून गोचीड शोधता, नातीला एकदा तरी तसं पाहिलंत? काखेत, जांघेत, कमरेला पाहा. खपली सापडो न सापडो, उद्या आणाच. मला फार भीती वाटते आहे.

रागिणी

माळावरून, १७ सप्टेंबर

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद.

दवाखान्यात तुझ्यासमोर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो. चिठ्ठी वाचून आरोहीला उन्हात घेऊन बसलो. काखा, जांघा पाहिल्या, काही नाही. राहिला करदोडा. गाठ मीच मारलेली, सुटेना. शेवटी लोकर कातरायच्या कातरीनं कापला. ताईताखालीच खपली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. ती पाहून डॉक्टरांनी औषध बदललं आणि ताप उतरला, हे तुला ठाऊकच आहे. पण माझ्या हट्टापायी पोरीचे इतके दिवस तापात गेले, त्याची लाज वाटते.

आता रोज सकाळी आधी आरोही, मग मेंढ्या. शेजारच्या पालातली लेकरंही तपासून राहिलो. त्यांच्या आया म्हणतात, म्हातारं येडं झालं. म्हणू दे.

रागावत जा, पोरी.
आबा