पुढची खोली कच्च्यांसाठी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय गणिताच्या शिकवण्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. राग आहे, पण रागाला वेड म्हणत नाहीत, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; वेळच मिळाला नाही.

कलम १. घराच्या मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलीला. तिने जन्मभर गणिताचा आणि गणितापायी माझा राग केला, कारण घरात तिच्यापेक्षा परक्या पोरांचीच वर्दळ जास्त. तिचे काही चुकले नाही. तिने भिंतींना हवा तो रंग द्यावा.

कलम २. मोठी तागडी पुढच्या खोलीतच राहील. 'बरोबर'चे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा हुकूम नव्हे, दोन्ही पारडी सारखी असल्याची ती खूण आहे, हे मुलांना तिच्यावरच समजते. कपाटातली लाल पेने मात्र फेकून द्यावीत. दरवर्षी कोणी ना कोणी पालक ती भेट देतो; मी एकही उघडलेले नाही.

कलम ३. शाळेने टाकून दिलेले मागचे बाक माझ्याकडे आहे. ते मुख्याध्यापकांना परत द्यावे. ज्याला फळ्यावरचे कळत नाही त्याला फळ्यापासून सर्वांत लांब बसवायचे, ही अक्कल त्यांची. त्यांनी आठवडाभर त्यावर बसून फळा वाचून दाखवावा.

कलम ४. पालकांना मी काहीही ठेवत नाही. "आमच्या घराण्यात गणित कोणालाच नाही हो," असे पोरासमोर, तेही मान ताठ करून सांगणाऱ्यांना काय द्यायचे? पालथ्या घड्यावर खूप पाणी ओतून झाले.

कलम ५. आता पुढची खोली, जिच्यासाठी हा सारा खटाटोप. इथे मी नापास झालेली, काठावरची, 'ढ' म्हणून सोडून दिलेली मुले शिकवते. शिकवते म्हणजे काय, नेमके घोडे कुठे पेंड खाते ते शोधते. कधी आठवडा लागतो, कधी वर्ष. माझ्यामागे ही मुले कुठे जाणार, ही एकच काळजी जिवाला लागली आहे.

खोलीवर डोळा आहे माझ्या पुतण्याचा. भिंतीपलीकडे त्याचा क्लास. भिंत पाडून त्याला तो वाढवायचा आहे. हाच मुलगा याच खोलीत तीन वर्षे अपूर्णांकांत रुतून बसला होता. रडायचा, पेन्सिली मोडायचा. आज त्याच्या दारावर पाटी आहे, 'प्रवेश फक्त हुशार विद्यार्थ्यांना'. प्रवेश परीक्षेत जो अडखळेल त्याला हसून सांगतो, "काकूंकडे जा." आणि पालकांना सांगतो की गणित त्याच्या रक्तातच होते. रक्तात! तळपायाची आग मस्तकात जाते.

म्हणून मी लिहिले होते : 'ही खोली पुतण्याला सोडून कोणालाही द्यावी.' आणि साक्षीदार म्हणून मुद्दाम त्यालाच बोलावले. त्याच्यासमोर हे मोठ्याने वाचायचे आणि खाली त्याचीच सही घ्यायची, एवढे एक सुख मला या वयात हवे होते.

आज सकाळी तो आला तेव्हा मी आत वकीलबाईंशी बोलत होते. पुढे एक मुलगी एकटीच बसली होती, गेल्या महिन्यात त्यानेच परत पाठवलेली. अर्धा अधिक एक तृतीयांश, बरोबर दोन पंचमांश, असे तिने पाटीवर लिहिले होते. दाराआड आम्हा दोघींना ऐकू आले ते असे.

"वरचे वर मिळवलेस, खालचे खाली. हो ना?"

"चुकलं का?"

"चुकलं. पण मीही हेच करायचो. तीन वर्षं. इथेच बसून."

"तुम्ही? मग मला का नाही घेतलंत?"

तो म्हणाला, "तुझ्या पेपरात माझीच चूक दिसली. वाटलं, तुला शिकवायला बसलो तर सगळ्यांना कळेल माझं. अजूनही घाईत करायला गेलो ना, हात तिकडेच जातो."

मग उठून त्याने पेला आणला. "हे बघ, अर्धा पेला पाणी. त्यात आणखी ओतलं. आता अर्ध्याहून कमी कसं होईल?"

ती हसली. मला मात्र रागच आला. एवढे येते, तर मेल्याने इतकी वर्षे काय केले?

पुतण्याला वगळणारी वरची ओळ खोडली आहे. शेजारी माझी सही आहे. आता असे : पुढची खोली पुतण्याला. पाय नेमका कुठे रुततो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण एका सकाळीत माणूस सुधारत नाही, म्हणून अटी. भिंत पाडायची नाही. या खोलीत प्रवेश परीक्षा नाही. संध्याकाळी त्याने स्वतः शिकवायचे, दुसऱ्या कोणाला नेमून मोकळे व्हायचे नाही. आणि नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायचे की आपण इथे किती वर्षे अडकलो होतो. यातले एक जरी मोडले तर खोली मुलीकडे जाईल, ती भाड्याने देईल, आणि मी जिथे असेन तिथे दातओठ खात बसेन.

हे लिहून होईपर्यंत पुतण्या आत येऊन पेन उघडून बसला होता. त्याला अजून काही वाचून दाखवलेले नव्हते. वकीलबाईंनी कागद आपल्याकडे ओढला.

"तुम्हाला सही नाही करता येणार."

"का? काकूंचा विश्वास नाही माझ्यावर?"

"ज्याच्या नावे काही ठेवलंय, त्याला साक्षीदार होता येत नाही."

तो पेनाला टोपण लावू लागला. ते काही त्याला लागेना.

वरील मजकूर मी वाचून, समजून, पुढच्या खोलीत येऊन दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

साक्षीदार :
१. आमचे डॉक्टर (सही)
२. समोरचे शिंपी, हातातले काम टाकून आले (सही)

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : १८ जुलै २०१८

(सही)
गणिताच्या बाई