लेखकाला आईबद्दल काय वाटतं

सोमवार, ७ जुलै
इराचा इंग्लिशचा पेपर मिळाला. उताऱ्यावरचे प्रश्न पुन्हा चुकले. 'लेखकाची आईविषयीची भावना कोणती?' चार पर्याय. हिने 'लाज' निवडलं, बरोबर उत्तर 'कृतज्ञता'. निखिल ऑफिसातून आल्या आल्या तापला. "एवढी घोडी झालीस, हे कळत नाही? सहावीची पीएसएलई परीक्षा तोंडावर आलीय!" इरा जेवली नाही.

मंगळवार, ८
उतारा घेऊन दोघी बसलो. लेखकाची आई मासे विकते. शाळेच्या गेटवर डबा घेऊन येते, सगळ्यांसमोर मोडक्या इंग्लिशमध्ये हाका मारते. शेवटी तो लिहितो, तिच्यामुळेच मी शिकलो. म्हटलं, हे वाक्य बघ ना.
"एकच लाइन आहे, आई. डबा घ्यायला तो स्वतः जातच नाही, फ्रेंडला पाठवतो. ग्रेटफुल कसं, लाह?" हे 'लाह' इथल्या शाळेतून उचललेलं.
भावनेचे शब्द अधोरेखित कर, एवढंच म्हटलं.

गुरुवार, १०
बुकित पंजांगला एलआरटीत, इथल्या छोट्या ट्रेनमध्ये, साताऱ्याहून आईचा फोन. बोलले, जरा मोठ्यानेच असेल. ठेवून बघते तर शेजारी बसलेली इरा डब्याच्या दुसऱ्या टोकाला, वर्गातल्या मुलीजवळ. उतरेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.
घरी आल्यावर म्हणाली, शनिवारी टीचरना भेटायला बाबाच येऊ दे. "तुला इंग्लिश बोलायला त्रास होतो ना."
काळजीने म्हणाली, की... जाऊ दे.

शुक्रवार, ११
निखिलला सांगितलं. "तू पण ना! लहान आहे ती." लॅपटॉपमधून मान वर नाही. शनिवारी त्याला कॉल आहे, यायचं नक्की नाही.
पोळ्या करता करता न राहवून विचारलंच. "इरा, तुला माझी लाज वाटते?"
ती म्हणाली, "ऑप्शन्स आहेत?"
हसली नाही. मीही नाही. तव्यावरची पोळी करपली.
थोड्या वेळाने स्वतःच मागे येऊन उभी राहिली. "समटाइम्स. ऑल्वेज नाही." डोळे भरलेले. तेव्हा जवळ घ्यायला हवं होतं. हात पिठाचे होते. असो.
जेवताना ताटात बघत विचारते, "उद्या तू येणारेस?"
ये म्हणतेय की येऊ नको, आवाजावरून कळेना.
"येणार," म्हटलं.
ती आमटीभात कालवत राहिली.